क्रेस्को म्हणजे ‘मी वाढतो’

विमानतळावरून घरी येताना आबा गाडीत बराच वेळ गप्प होते. रॉचेस्टर मागं पडलं, हायवे ६३ दक्षिणेला उतरत गेला, मिनेसोटा संपून आयोवा लागलं. दोन्ही अंगांना वाळलेला मका, मधूनमधून काढणी झालेलं सोयाबीनचं मोकळं रान. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, सुगीचा ऐन भर. मला वाटलं, थकले असतील. आई गेल्यानंतर वर्षभरात ते पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते, आणि तेही जालन्याहून थेट इथवर. चेस्टरचा फाटा मागे गेला तेव्हा खिडकीतून नजर न काढता ते म्हणाले, “बाई, रान तर एवढं पिकलंय. माणसं कुठायत?”

मी काहीबाही सांगितलं. मोठी यंत्रं आहेत, एक माणूस शंभर माणसांचं काम करतो, वगैरे. आबांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. त्या प्रश्नानं पुढे माझा पिच्छा सोडला नाही.

आम्ही हॉवर्ड काउंटीत राहायला गेलो ते नवऱ्याच्या वेव्हरमुळे. जे-वन व्हिसावर इथे शिकायला आलेल्या परदेशी डॉक्टरला शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. मात्र जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं नोकरी केली तर ती अट माफ होते. त्या माफीला वेव्हर म्हणतात. मिडवेस्टच्या आडगावांतल्या दवाखान्यांत तेलुगू, पंजाबी, मराठी आडनावं दिसतात त्यामागे बरेचदा हेच असतं. शहरातले मित्र म्हणाले, “काढा कशीतरी तीन वर्षं.” मी स्वतः खेड्यात वाढलेली, त्यामुळे त्या ‘कशीतरी’चा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो.

काउंटीचं क्षेत्रफळ ४७३ चौरस मैल, म्हणजे सव्वाबाराशे चौरस किलोमीटर. आमच्याकडचा एखादा मोठा तालुका म्हणा. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत मिळून १९ लाख ५९ हजार माणसं होती, तालुक्यामागे अडीच लाखांच्या आसपास. हॉवर्ड काउंटीत २०२० साली मोजली ती ९,४६९. भोकरदनच्या आठवडी बाजारात फिरलेल्या माणसाला हा आकडा गावाचा वाटेल, तालुक्याचा वाटणार नाही. आणि तो पहिल्यापासून इतका लहान नव्हता. १९०० साली याच काउंटीत १४,५१२ लोक राहत होते. तिथून उतरती कळा लागली ती मधल्या एक-दोन चढांखेरीज थांबलेली नाही.

काउंटीचं मुख्य गाव क्रेस्को. १८६६ साली रेल्वे आली आणि तिच्या कडेला हे गाव वसलं. क्रेस्को हा लॅटिन शब्द आहे, अर्थ ‘मी वाढतो’. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांच्या डोळ्यांपुढे काय असेल ते मला सहज दिसतं. कोरी करकरीत रेल्वे, गाड्या भरभरून उतरणारी नॉर्वेजियन, जर्मन, चेक कुटुंबं, आणि नांगर न लागलेली काळी जमीन. आज क्रेस्कोची वस्ती चार हजारांच्या आत आहे. तिथून पूर्वेला कॅल्मारकडे जाणारे रूळ केव्हाच उखडले गेले, त्या जागी सायकलवाट आहे. संध्याकाळी मी तिथे चालायला जायचे. वाटेला चढउतार जवळजवळ नाहीत, कारण ती मालगाड्यांसाठी बांधलेली होती.

आबांना या मुलुखाची आखणी फार विलक्षण वाटली. इथे रस्ता वळत नाही. १७८५ च्या कायद्याने अमेरिकेने पश्चिमेकडची जमीन माणसं वसण्याआधीच कागदावर चौकोनांत कापली. एक मैल लांब, एक मैल रुंद असा एक सेक्शन, म्हणजे ६४० एकर. असे ३६ सेक्शन मिळून एक टाउनशिप. बहुतेक रस्ते या चौकोनांच्या कडांवरून जातात, म्हणून दर मैलाला काटकोनात फाटा येतो. आमच्याकडे बांध म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं. ओढ्याप्रमाणे, चुलत्याच्या हट्टाप्रमाणे, जुन्या बाभळीप्रमाणे तो वाकतो. आबा म्हणाले, “इथं बांधावरून भांडण होत नसंल.” आमच्या घरमालकांनी ते ऐकून (मी भाषांतर केलं) सांगितलं की भांडणं होतात, पण आता बांधापलीकडे भांडायला कुणी राहिलेलं नाही.

हे घरमालक तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. क्रेस्कोपासून काही मैलांवर त्यांचं शेतातलं घर, आणि त्याच आवारात त्यांच्या आईवडिलांचं जुनं घर, जे आम्ही भाड्याने घेतलं होतं. बायको वारलेली, एक मुलगा मिनिॲपोलिसला, मुलगी डि मॉइनला. जमीन ३२० एकर, म्हणजे अर्धा सेक्शन. ती त्यांनी दुसऱ्याला वर्षाच्या ठरावीक रकमेवर कसायला दिलेली. हे मी आबांना समजावून सांगायला लागले तेवढ्यात तेच म्हणाले, “म्हणजे ठोक्यानं दिलीय.” बरोबर, ठोक्यानेच. जो ती कसतो तो आणखी कितीतरी जणांची अशीच कसतो. वसंतात चार दिवस पेरायला येतो, मधे एक-दोनदा फवारायला, शरदात तीन दिवस काढायला. उरलेलं वर्ष त्या ३२० एकरांवर कुणाचं पाऊल पडत नाही.

पहिल्या संध्याकाळी दोघं म्हातारे ओसरीत बसले. तिकडे तिला पोर्च म्हणतात, पण तिचा उपयोग ओसरीचाच. अंधार पडायला लागला तसे दूरवर यार्ड लाइट लागले. प्रत्येक शेतघराच्या आवारात उंच खांबावर एक मोठा दिवा असतो. घरमालक म्हणाले, मी शाळेत होतो तेव्हा या पायरीवरून सतरा दिवे दिसायचे, प्रत्येकाच्या घरातली माणसं मला नावानिशी माहीत होती. आबांनी बोट धरून मोजले. पाच. “त्यातल्या दोन घरांत कुणी राहत नाही,” घरमालक म्हणाले. “दिवा अंधार झाला की आपोआप लागतो. बिल भरणारं कुणीतरी आहे, एवढंच.”

आबांना इथे आणून एक ठिकाण दाखवायचं हे मी आधीपासून ठरवलं होतं. काउंटीच्या दक्षिण टोकाला, प्रोटिव्हिन या चेक लोकांनी वसवलेल्या गावाच्या पश्चिमेला, १०६ एकरांचं एक शेत आहे. बुटक्या गव्हाचे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग तिथे वाढले. जन्म २५ मार्च १९१४, आजोबांच्या घरी. पणजोबा-पणजी नॉर्वेहून १८५४ साली निघालेले. मका, ओट, गवत, गाई, डुकरं, कोंबड्या असं त्यांचं सगळं मिळून-मिसळून शेत होतं. वयाच्या सातव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत बोरलॉग त्यात राबले. आठवीपर्यंतची शाळा एकाच खोलीची, शिक्षक एकच. ‘न्यू ओरेगन नंबर ८’ असं तिचं नाव. १८६५ साली बांधलेली ती इमारत आणि ते घर त्यांच्या नावाच्या एका फाउंडेशनने जपून ठेवलं आहे.

शाळेच्या दारात आबांनी बूट काढले. मी म्हटलं, इथे गरज नाही. त्यांनी ऐकलं नाही.

मराठवाड्यातल्या त्यांच्या वयाच्या कुणाही शेतकऱ्याला बोरलॉग हे नाव सांगावं लागतं, पण त्यांच्या गव्हातून निघालेलं ‘कल्याणसोना’ हे वाण सांगावं लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात आबा चोवीस वर्षांचे होते. ते आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे मिळालेली सुकडी, आणि रेशनवर आलेली अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरा पडायच्या आणि गार झाली की चामड्यासारखी व्हायची, हे आजी शेवटपर्यंत सांगत असे. मिलो आयोवात पिकत नाही, तिचा मुलूख कॅन्ससकडचा. पण ‘अमेरिका’ हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तो त्या भाकरीबरोबर. दुष्काळ सरल्यावर ज्या वर्षी विहिरीला पाणी राहिलं त्या वर्षी आबांनी अर्धा एकर कल्याणसोना केला. आजूबाजूचे हसले होते, कारण ताट बुटकं. “कडबा-भुसा काय निघणार यातनं?” पण ओंबी भरली तरी तो गहू लोळला नाही. त्या आधी गव्हाची पोळी आमच्या घरात सणालाच व्हायची.

बुटक्या ताटाचं कूळ जपानी, ‘नोरिन १०’ या वाणाचं. अमेरिकेच्या वायव्य टोकाला त्यावर काम झालं, तिथून ते बोरलॉग यांच्याकडे मेक्सिकोला गेलं, आणि तिथल्या तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या गव्हांशी त्याचा संकर झाला. बोरलॉग मेक्सिकोला गेले १९४४ साली. ज्या कामासाठी ते गेले त्याला सुरुवात करून देणाऱ्यांत अमेरिकेचे उपराष्ट्रपती राहिलेले हेन्री वॉलेस होते. तेही आयोवाचेच, अडेअर काउंटीच्या शेतावर जन्मलेले. लहानपणी त्यांना एम्सच्या रानात झाडंझुडपं ओळखायला शिकवली ती कार्व्हर यांनी, ज्यांना मराठी घरांत वेगळी ओळख द्यावी लागत नाही. आणि याच वॉलेसनी १९२६ मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली. पुढे १९६६ साली भारताने मेक्सिकोतून १८ हजार टन बियाणं आणलं. तेव्हाचे कृषिमंत्री सी. सुब्रह्मण्यम आणि कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांनी ते शेतापर्यंत नेलं. १९६५ मध्ये सव्वा कोटी टनांच्या आत असलेलं देशाचं गव्हाचं पीक १९७० मध्ये दोन कोटी टनांवर गेलं. त्याच वर्षी बोरलॉगना शांततेचं नोबेल मिळालं.

ही साखळी मी आबांना तिथे उभ्या उभ्या सांगितली, आणि शेवटची कडी सांगताना माझा आवाज चढला. बोरलॉग यांनी पुढे जगाच्या अन्नासाठी एक पुरस्कार सुरू केला, तो आयोवाच्या राजधानीतून, डि मॉइनमधून दिला जातो. १९९८ साली तो आमच्या जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला होता. आबा म्हणाले, “महिकोचे बारवाले?” हो, तेच. आबांनी ज्यांची कपाशीची आणि ज्वारीची पाकिटं आयुष्यभर दुकानातून आणली ते बारवाले. आबांनी त्या खोलीतल्या रिकाम्या बाकांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग विचारलं, “आणि या शाळेत आता पोरं किती येतात?”

शाळा म्हणून ती कधीच बंद झाली आहे. एका खोलीच्या शाळा जाऊन गावोगावच्या शाळा आल्या, मग त्याही एकमेकींत मिसळत गेल्या. आता शाळांचा जिल्हा शेजारच्या विनेशिक काउंटीचं नाव जोडून आहे, आणि मुलं पिवळ्या बसमध्ये बसून लांबून क्रेस्कोला येतात. माझा मुद्दा इथेच आहे, आणि तो मी गुळमुळीत न ठेवता सांगते. ज्या ज्ञानाने आमच्या घरात पोळी आणली त्याच ज्ञानाने हा मुलूख रिकामा केला. कुणाचा दुष्टपणा त्यात नव्हता. बोरलॉग लहान होते तेव्हा आयोवात एकरी मका ४० बुशेलच्या आसपास व्हायचा. आता २०० बुशेल होतो, म्हणजे एकरी पन्नास क्विंटल. ट्रॅक्टर आला तशी घोड्यांच्या चाऱ्याची ओटाची शेतं गेली, तणनाशक आलं तसे खुरपणारे हात गेले, कंबाइन आलं तसे मळणीला जमणारे शेजारी गेले. १९३० च्या दशकात राज्यात दोन लाखांवर शेतं होती. २०२२ च्या कृषिगणनेत ती ८७ हजारांच्या आत आली, आणि सरासरी शेत झालं ३४५ एकरांचं. आपल्याकडे पाणी उलट्या दिशेने वाहिलं. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातल्या खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर. तिथे शेत इतकं मोठं झालं की माणूस लागेना, इथे इतकं लहान झालं की माणूस पोसेना. दोन्हीकडे मुलगा शहरात गेला. माझा भाऊ चाकणला कारखान्यात आहे.

त्यातही सगळं हळूहळू झालं असं नाही. १९७० च्या दशकात रशियाने अमेरिकेचं धान्य घेतलं, भाव चढले, सरकारने सांगितलं की बांधापासून बांधापर्यंत पेरा. शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. १९८० मध्ये रशियाला धान्य विकायला बंदी आली आणि वर्षअखेर बँकांचा मूळ व्याजदर साडेएकवीस टक्क्यांवर गेला. १९८१ मध्ये आयोवात एकराला सरासरी २,१४७ डॉलर भाव होता, १९८६ मध्ये तो ७८७ वर कोसळला. तारण ठेवलेल्या जमिनीची किंमतच कर्जापेक्षा कमी झाली. गावोगावच्या कोर्टाच्या हिरवळीवर लोकांनी लिलावात गेलेल्या शेतांसाठी पांढरे क्रूस रोवले. शेतकऱ्यांनी जीव दिले. १९८५ साली आयोवा स्टेट विद्यापीठाच्या विस्तार विभागाने अडचणीतल्या शेतकऱ्यांसाठी फोनची सेवा सुरू केली, ती अजून चालू आहे. हे घरमालकांनी सांगितलं ते अगदी सपाट आवाजात, हाताच्या बोटांनी कपाची कड पुसत. त्या सतरा दिव्यांतले चार त्या पाच वर्षांत गेले. एक त्यांच्या सख्ख्या भावाचा होता. भाऊ जिवंत राहिला, शेत राहिलं नाही. आबा त्यांच्याकडे बघत होते आणि मला भाषांतर करायला शब्द सापडत नव्हते. शेवटी मी एवढंच म्हटलं, “आबा, आपल्याकडच्यासारखंच.” आबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

विकास या शब्दाशी माझं भांडण सुरू झालं ते तिथे. क्रेस्कोत विकास नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. ट्रेलर बनवणारा फेदरलाइटचा कारखाना आहे, फिल्टर बनवणारा डोनाल्डसनचा आहे, आणि तिथल्या पगारांवर कित्येक घरं टिकून आहेत. राइसव्हिलच्या बाजूला क्रेन क्रीकच्या ६६ पवनचक्क्या २००९ पासून फिरतात. त्यांची मालकी विस्कॉन्सिनच्या वीज कंपनीची, वीज तिकडच्या ग्राहकांसाठी. ज्याच्या शेतात चक्की आहे त्याला वर्षाचं भाडं मिळतं, काउंटीला कर मिळतो, आणि तो कर खरोखरच कामाला येतो. शेजारच्या काउंटीत लॉलरला इथेनॉलचा कारखाना आहे. आयोवाच्या मक्यातला निम्म्याहून जास्त असा इंधन होऊन जातो, उरलेल्यातला मोठा वाटा जनावरांच्या पोटात. राज्यात माणसं ३२ लाख आणि डुकरं दोन कोटींवर, लांबलचक बंद शेडमध्ये हजारोंनी. बोरलॉगच्या शेतात डुकरं चिखलात लोळत होती, आता रस्त्यावरून जाताना एकही दिसत नाही, फक्त वास येतो. आबांनी तीन दिवस रानात फिरून मला विचारलं होतं की यातलं माणसाच्या ताटात थेट काय जातं. मी शोधून शोधून सांगितलं, घरमालकांच्या परसातले टोमॅटो.

पाण्याचंही सांगायला हवं. काउंटीच्या या भागाखाली चुनखडीचा खडक आहे, भेगाभेगांचा. वर टाकलेलं खत खाली झिरपायला वेळ लागत नाही. मला दिवस गेले तेव्हा नवऱ्याने पहिल्यांदा विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट तपासायला लावलं. काउंटीच्या आरोग्य खात्याची बाई येऊन बाटली भरून घेऊन गेली, पैसे लागले नाहीत. आमच्या विहिरीचा आकडा मर्यादेच्या आत निघाला, तरी ते नऊ महिने मी स्वयंपाकाला आणि प्यायला बाटलीचंच पाणी वापरलं. माझं गाव टँकरवर जगलेलं. विहीर काठोकाठ भरलेली असताना पाण्याला भिण्याची ती माझी पहिलीच वेळ.

आणि तरीही मला त्या जागेबद्दल निराशेने लिहिता येत नाही. जे राहिलेत ते ज्या निष्ठेने ती जागा चालवतात ते मी जवळून पाहिलं. आग विझवायला जाणारे सगळे स्वयंसेवक. दुकानदार, शिक्षक, वेल्डर, खिशातलं यंत्र वाजलं की हातातलं काम टाकून धावतात. अशा काउंट्यांमधली रुग्णालयं पंचवीस खाटांच्या आतली असतात, आणि त्यांच्या विश्वस्त मंडळावर लोक निवडून जातात. आयोवात गेल्या काही वर्षांत अनेक छोट्या रुग्णालयांनी बाळंतपणाचे विभाग बंद केले, आमची मुलगी दुसऱ्या राज्यात रॉचेस्टरला झाली. म्हणून ‘दवाखाना टिकला पाहिजे’ हे वाक्य तिथे घोषणा म्हणून कुणी बोलत नाही. शाळेच्या इमारतीसाठी कर्जरोखे काढायचे तर मतदान होतं, आणि साठ टक्के मतं पडावी लागतात, एकावन्न चालत नाहीत. ज्यांची मुलं केव्हाच शहरात गेली त्या म्हाताऱ्यांनी स्वतःच्या जमिनीवरचा कर वाढवून दुसऱ्यांच्या नातवंडांसाठी ‘हो’ म्हणायचं. काही जण ‘नाही’ म्हणतात. त्यांचाही मला राग येत नाही, कारण कर एकरावर बसतो आणि मक्याचा भाव कुणाच्या हातात नाही.

बाहेरचे लोक मात्र या काउंटीकडे बघतात ते निवडणुकीसाठी. २०१२ मध्ये इथे ओबामा वीस टक्क्यांहून जास्त फरकाने जिंकले आणि २०१६ मध्ये ट्रम्प तेवढ्याच मोठ्या फरकाने. अख्ख्या अमेरिकेत असं करणारी ही एकच काउंटी. पत्रकार आले, हॉटेलात कॉफी पीत बसलेल्या माणसांना प्रश्न विचारून गेले. त्याच काउंटीच्या कडेला राइसव्हिल गावात १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, जेन एलियट या शिक्षिकेने तिसरीच्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून वेगळं करून भेदभाव म्हणजे काय ते भोगायला लावलं. जगभर तो धडा गेला, गावात मात्र तिला त्याची किंमत मोजावी लागली. तीन वर्षांत माझ्या वाट्याला जे आलं ते बहुतेक चांगलं आलं, एक-दोनदा नाही आलं. रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक पिकअपवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून राम राम घालतो. पहिल्या महिन्यात मला वाटे, ओळखीचा समजून करतायत.

आबांचा सगळ्यात आनंदाचा दिवस कुस्तीचा. बोरलॉग क्रेस्कोच्या हायस्कुलात कुस्ती खेळत, आणि आयोवाच्या कुस्तीचं हॉल ऑफ फेम क्रेस्कोतच आहे. जत्रेतल्या फडात नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत हलायचं नाही असा आबांचा शिरस्ता. “गव्हाचा माणूस पैलवान होता,” हे त्यांनी त्या रात्री भावाला फोनवर तीनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी घरमालक आम्हाला हेडन प्रेअरी दाखवायला घेऊन गेले. लाइम स्प्रिंग्जच्या पश्चिमेला २४० एकर, ज्यात कधी नांगर गेला नाही. आयोवाचा पंच्याऐंशी टक्के भाग एके काळी असा होता, डोक्याएवढं गवत आणि फुलं. आज त्यातला हजारातला एक भागही उरलेला नाही. एडा हेडन या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी अशी रानं राखायला हवीत म्हणून आयुष्य घातलं, त्यांचं नाव या तुकड्याला दिलं आहे. ऑक्टोबरात फुलं सरली होती. गवत तांबूस होऊन वाऱ्यावर हलत होतं. आबा वाटेच्या कडेला उकिडवे बसले आणि बोटांनी माती उकरली. आमची काळी जमीन काळ्या खडकाची, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. ही काळी झाली ती हजारो वर्षं कुजलेल्या गवताच्या मुळांनी. “ही भेगाळत नसंल,” आबा म्हणाले. मग बराच वेळ वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. घरमालकही उभे राहिले. मला कुणी काही भाषांतर करायला सांगितलं नाही.

वेव्हरची वर्षं संपली आणि आम्ही रॉचेस्टरला आलो. मुलगी आता शाळेत जाते. आबा जालन्याला, गावातच. भाऊ पुण्याकडे चला म्हणतो, ते जात नाहीत. साडेतीन एकर आहे, तीही ठोक्यानं दिली आहे. मागच्या हिवाळ्यात फोनवर इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, “त्या म्हाताऱ्याचा दिवा लागतो ना अजून?”

मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर जाणवलं की आपल्याला ठाऊक नाही. नाताळाला त्यांचं कार्ड आलं नव्हतं, मीही चौकशी केली नव्हती. शनिवारी दुपारी मुलीला घेऊन निघाले. ६३ नंबरला रस्ता साफ केलेला होता, दोन्ही बाजूंना बर्फाखाली मक्याची खुंटं. चेस्टर, मग हायवे ९ वरून क्रेस्कोकडे, मग ते ओळखीचे काटकोन. आवारात वळलो तेव्हा पाच वाजले असतील, अंधारून आलं होतं आणि खांबावरचा मोठा दिवा लागलेला होता. तो बघून काही कळत नाही. आमच्या जुन्या घराच्या खिडक्या काळ्या होत्या. मी गाडी पुढे घेतली आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या बाजूला वळवली. खिडकीत पिवळा उजेड होता, काचेवर आतून वाफ धरली होती, आणि कुणीतरी ती हाताने पुसून बाहेर बघत होतं.